समुद्राच्या चिखलातला जास्तीचा डाग

नव्वदच्या दशकात मी बारामतीत राहून समुद्राचा अभ्यास करत होतो. तेव्हा हे मी पुष्कळ जणांना छाती फुगवून सांगितलं. ऐकणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडं आणि मग खिडकीबाहेर बघायचा. खिडकीबाहेर ऊस असायचा.

कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो. गाव कऱ्हाटी. आजोबांच्या काळापर्यंत आमचा मेंढरांचा मोठा कळप होता. पावसाळा सरला की घरातली माणसं कळप घेऊन घाट उतरायची, ती थेट उन्हाळ्याच्या अखेरीला परत यायची. वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यातली वीस-पंचवीस मेंढरं ठेवली आणि बाकी लक्ष शेतीत घातलं. मी शिकलो, नोकरीला लागलो, बारामतीत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. बायको इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची. तिचे वडील तिथल्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. इथवर सगळं सरळ चाललं होतं. मग मला पीएच.डी. करायची हुक्की आली.

माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असलेल्या एका सहकाऱ्यानं डॉक्टरेट मिळवून स्टाफरूममध्ये पेढे वाटले, एवढंच खरं कारण. ज्ञानाची ओढ वगैरे मी अर्जात नंतर लिहिलं.

मार्गदर्शक मिळाले ते समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेतले. अतिशय कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी विषय दिला तो असा: समुद्राच्या तळाच्या गाळातली आणि समुद्रातल्या जिवांमधली चरबी, आणि त्या चरबीतला हायड्रोजन. घरी येऊन मी बायकोला जे समजावलं तेच इथं सांगतो. पाण्यात हायड्रोजन असतो. जवळजवळ सगळा हलका, पण त्यात चिमूटभर जड हायड्रोजनही असतो. समुद्रातलं बारीक शेवाळ पाण्यातला हायड्रोजन घेऊन चरबी तयार करतं, आणि घेताना हलका जास्त उचलतं, जड मागं सोडतं. शेवाळ मरतं, तळाला जातं, त्याचा चिखल होतो, तरी चरबी टिकून राहते. त्या चरबीतला हायड्रोजन मोजला, की तो जीव कुठल्या पाण्यात वाढला होता याचा माग लागतो.

बायको म्हणाली, "समुद्रातला जीव समुद्राच्याच पाण्यात वाढला असणार ना?"

मी म्हणालो, "ते तसं सोपं नसतं."

पुढची पाच वर्षं घालवून मी सिद्ध काय केलं, तर ते तसंच सोपं असतं.

काम असं ठरलं, की संस्थेच्या जहाजानं अरबी समुद्राच्या तळातून काढलेला गाळ मला मिळायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यातली चरबी काढून वेगवेगळी करायची. मग ती काचेच्या नळीत बंद करून घेऊन जायची, ती जाळून तिचं पाणी करायचं, पाण्याचा हायड्रोजन करायचा आणि तिकडच्या यंत्रावर मोजायचा. गाळ गोठवलेला यायचा. कॉलेजचा फ्रिज बंद पडलेला होता, म्हणून डबे माझ्या घरी. आमच्या लग्नात आलेल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मेथी-कोथिंबीर आणि वर बर्फाच्या खणात अरबी समुद्र. बायकोनं त्या उन्हाळ्यात बर्फ करायचं सोडून दिलं. पाहुणा आला की ती सरबत माठातल्या पाण्याचं करायची. पाहुण्यानं फ्रिजकडं बघितलं तर म्हणायची, "त्यात ह्यांचा चिखल आहे."

या कामातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे परकी चरबी. गाळात चरबी असते ती नखावर मावेल एवढी. त्यात बोटाचा तेलकटपणा लागला तरी मोजमाप वाया जातं. मार्गदर्शकांनी हे एकदा सांगितलं. मी ते शंभरदा सांगू लागलो. डोक्याला तेल लावणं मी बंद केलं. सहा महिन्यांत माझे केस असे उभे राहिले, की आई देवाला काहीतरी नवस बोलली. प्रयोगशाळेच्या दारावर मी स्वतःच्या हस्ताक्षरात पाटी लावली: "येथे चरबीवर संशोधन चालू आहे. केसांना तेल लावून आत येऊ नये." दोन वेण्या घालून, चापूनचोपून तेल लावून येणाऱ्या मुली प्रॅक्टिकलला दाराबाहेर उभ्या राहिल्या. प्राचार्यांना मध्ये पडावं लागलं. मग मी भिंतीकडचं एक टेबल खडूची रेघ ओढून वेगळं केलं आणि रेघेच्या आत कुणी यायचं नाही असा नियम केला.

प्रयोगशाळेत एक शिपाई होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. निवृत्तीला आलेले, डोक्यावर एक केस नाही. ते रेघेशी उभे राहून म्हणाले, "सर, मला टक्कल हाय. मी येऊ का आत?"

"हात धुतलेत का?"

"सकाळी धुतल्यात की."

"मग नाही."

मामांनी मान हलवली आणि ते काड्यापेटी शोधायला निघून गेले. त्या दिवसापासून माझ्या टेबलाला ते "सोवळं" म्हणायला लागले.

या सोवळ्यात एक घोंगडी होती. नोकरी लागली तेव्हा आबांनी ती मला दिली होती. घरच्याच मेंढरांच्या लोकरीची, काळीभोर, कोरी करकरीत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तिचा उपयोग नव्हता आणि टाकवतही नव्हती. प्रयोगशाळेतली टेबलं म्हणजे वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी सांडलेल्या रसायनांचा इतिहास होता. भांडी वाळवायची भट्टी कधी चालायची, कधी नाही. म्हणून धुतलेली काचेची भांडी वाळवायला मी घोंगडी दुमडून खिडकीतल्या उन्हात टेबलावर अंथरली आणि चंबू, नळकांडी, बाटल्या त्यावर पालथ्या घालू लागलो. तोंडं खाली, घोंगडीवर. धूळ जाऊ नये म्हणून. काच फुटत नाही, घरंगळत नाही, आणि आपल्या घरची वस्तू म्हणजे स्वच्छच. मला तर ती व्यवस्था इतकी आवडली होती, की मी मार्गदर्शकांना पत्रातून भांडी उन्हात वाळवण्याबद्दल अभिमानानं कळवलं होतं. घोंगडीचा उल्लेख मात्र केला नाही. तो घरगुती वाटला असता.

दुसऱ्या वर्षी मला डाग दिसला.

चरबीचे प्रकार वेगळे करायला आम्ही काचेच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर देतो, त्यावर चरबीचा थेंब ठेवून पट्टी द्रावणात उभी करतो. द्रावण वर चढतं आणि चरबीचे प्रकार आपापल्या उंचीवर थांबतात. मग पट्टी आयोडीनच्या वाफेत धरली की तिथं तपकिरी डाग उमटतात. कुठला डाग कशाचा, हे पुस्तकात असतं. माझ्या पट्टीवर एक डाग जास्तीचा होता. पुस्तकात नव्हता. मी तीन नमुने केले, तिन्हींत तो होता. दहा केले, दहांत होता.

मी तो डाग खरवडून गोळा केला, नळीत बंद केला, घेऊन गेलो, हायड्रोजन मोजून घेतला. यंत्राचा आकडा समुद्रातल्या जिवाला शोभेसा नव्हता. म्हणजे हा जीव समुद्राच्या पाण्यावर वाढलेलाच नव्हता! जमिनीवरची चरबी नदीतून वाहून आली असेल का, असा विचार माझ्या मनात आला होता, हे नमूद करतो. पण मी तो मोठ्या ऐटीत खोडून काढला. आमची कऱ्हा निरेला मिळते, निरा भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते पूर्वेच्या समुद्रात. माझा चिखल पश्चिमेच्या समुद्रातला, आणि तोही किनाऱ्यापासून लांबचा. तेव्हा एकच शक्यता उरत होती. जगाला माहीत नसलेला, स्वतःचा वेगळाच पाण्याचा हिशेब ठेवणारा एक सूक्ष्म जीव, आणि त्याचा शोध बारामतीत लागलेला.

मी परिषदेसाठी एक पानी सारांश लिहून मार्गदर्शकांकडं पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "वाचला. विचार करतो." ही त्यांची संमती, असं मी धरलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिनं बावड्याला पत्र लिहिलं. पत्रात "शोध लागेलसं वाटतं" असं होतं. सासऱ्यांनी ते गावाला वाचून दाखवलं तेव्हा "शोध लागला" असं झालं.

सासऱ्यांनी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला. नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालोही, "कशाला, कशाला." पण दुसऱ्या "कशाला"ला माझा आवाज इतका बारीक झाला, की बायकोनं माझ्याकडं वळून बघितलं. मंडप घातला होता. फळ्यावर रंगीत खडूनं मोठा समुद्र, त्यात मासे, आणि वर "समुद्रतळाचा वेध घेणारे आपले जावई" असं लिहिलं होतं. शाल, नारळ, हार. सासरे पांढऱ्या टोपीत, डोळ्यांत पाणी. मी अर्धा तास बोललो. सगळ्या पृथ्वीचा इतिहास मी त्या अर्ध्या तासात गुंडाळला. शेवटी म्हणालो, की हा डाग महासागरांच्या अभ्यासाची दिशा बदलू शकतो.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे बागायतदार उठले. "सर, एक इचारू का?"

"विचारा ना, तात्या."

"त्या किड्याचा उसाला काय उपेग?"

लोक हसले. मी हसलो नाही. मूलभूत संशोधनाचं महत्त्व मी त्यांना आणखी दहा मिनिटं समजावून सांगितलं. तात्या उभेच होते, कारण खाली बसा असं मी त्यांना म्हणालोच नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आबा डोळे तपासायला बारामतीला आले. डॉक्टरांकडं नंबर दुपारचा होता. मी त्यांना कॉलेजात घेऊन आलो. आपला मुलगा नक्की काय करतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते दाखवायचं होतं. मामांनी स्टूल दिलं. आबा पटका काढून मांडीवर ठेवून बसले. रेघेच्या आत मी त्यांना बसवलं. एवढी सवलत वडिलांना होती.

मी लहानशी बाटली काढली. वर्षभर खरवडून जमवलेला तो डाग. तळाला पिवळट, चिकट अशी एक पुसट रेघ. मी म्हणालो, "आबा, हे बघा. सगळ्या जगात हे एवढंच आहे."

त्यांनी बाटली घेतली आणि मी अडवायच्या आत झाकण उघडून करंगळी आत फिरवली. त्यांनी करंगळी आणि अंगठा एकमेकांवर घासला, नाकाशी नेला.

"हे तर मेंढराचं हाय," ते म्हणाले.

मला हसू आलं. मायेनं आलं, हे आज कबूल करताना जास्त लाज वाटते. "नाही आबा. हे समुद्रातून आलंय. पार खालून, तळातून."

"आसंल." त्यांनी पुन्हा बोटं घासली. "कातरणी चालली की हाताला ह्येच लागतंय. दोन दिस साबणानं जात न्हाय. पर तू शिकलेला. समुद्रात मेंढरं आसत्याल."

आणि त्यांनी बोटं पुसायला हात लांब केला आणि टेबलावरच्या घोंगडीला पुसली. पालथ्या घातलेल्या माझ्या दोन चंबूंच्या मधल्या जागेत.

मामा दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते छताकडं बघत होते.

आबांना डॉक्टरांकडं नेलं, चष्म्याचा नंबर घेतला, त्यांना कऱ्हाटीच्या गाडीत बसवून दिलं. वाटेत ते उसाला पाणी कधी सुटणार याबद्दल बोलत होते आणि मी "हो, हो" म्हणत होतो. गाडी हलली तसा मी जवळजवळ धावतच कॉलेजात आलो.

रसायनशास्त्रात कोरी चाचणी म्हणून एक प्रकार असतो. आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. नमुना घ्यायचाच नाही. नुसतं स्वच्छ द्रावण त्याच भांड्यांतून, त्याच रीतीनं शेवटपर्यंत न्यायचं. शेवटी काही निघालं, तर ते नमुन्यातलं नाही, आपल्या घाणीतलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवायचो. ब्लँक न घेणाऱ्यांचे गुण कापायचो. स्वतः मी ब्लँक घेतला होता, सुरुवातीला, एकदा, भांडी कोरी डब्यातून काढली तेव्हा. घोंगडी अंथरायच्या आधी. नंतर द्रावण महाग आणि मी हुशार, म्हणून सोडून दिलं.

त्या संध्याकाळी मी ब्लँक घेतला. पट्टी आयोडीनच्या वाफेत धरली. चिखल नव्हता, समुद्र नव्हता, काहीच नव्हतं. डाग होता. त्याच उंचीवर.

मी स्टुलावर बसून राहिलो. मामांनी न विचारता चहा आणून ठेवला, रेघेच्या बाहेर. मग जरा वेळानं म्हणाले, "आमी आलो न्हाय हां सर आत. एकदा बी."

रविवारी मी कऱ्हाटीला गेलो आणि आबांकडं लोकर मागितली. ते म्हणाले, "नवी घोंगडी करायची व्हय?" मी म्हणालो, तपासायचीय. त्यांनी एका मेंढीला धरलं, मांडीशी आडवी पाडली, पोटाकडची मूठभर लोकर कातरून कागदात बांधून दिली. का हवी हे त्यांनी विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं. गोठ्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं, घोंगडी, भांडी, सत्कार, सगळं. ते ऐकत होते. मेंढी सुटून दूर जाऊन अंग झाडत होती.

"मग आता तुजी परीक्षा ग्येली?" त्यांनी विचारलं.

"गेली नाही. पण परत पहिल्यापासून करावं लागेल."

"कर की मग. रान पेरलं, उगावलं न्हाय, तर दुबार करावंच लागतंय." मग थोडं थांबून म्हणाले, "घोंगडी घरी नेऊन वापर. ती भांडी पुसायला न्हाय."

लोकरीतल्या चरबीचा डाग अर्थातच जुळला. आता मार्गदर्शकांना सांगायचं होतं. पत्र लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत "काही अनपेक्षित निरीक्षणांच्या संदर्भात" असं आलं. ते फाडलं आणि एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात उभा राहून मी एका दमात सगळं सांगितलं. मग पलीकडून इतका वेळ काहीच आलं नाही, की फोन तुटला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "ब्लँक?"

"पहिला घेतला होता. नंतर नाही."

"हं. घोंगडी हाताच्या सुताची का?"

"हो सर."

"लोकर धुऊन घेतात का आधी?"

"फारशी नाही."

"मग चरबी राहणारच." मग म्हणाले, "थोडी लोकर पाठवा. तिचाही हायड्रोजन मोजून ठेवू. प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडा."

"सर, परिशिष्ट? हा मूर्खपणा छापायचा?"

"दुसरा कुणी करू नये म्हणून." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "तो सारांश मी परिषदेला पाठवलाच नव्हता. डाग मला पटला नव्हता."

म्हणजे जगात माझ्या शोधावर विश्वास ठेवणारं एकच ठिकाण होतं, आणि ते होतं बावडा.

तिथं जायला मला महिना लागला. कधी पेपर तपासणी काढली, कधी बायकोची सर्दी. शेवटी बायकोच म्हणाली, "तुम्ही सांगणार नसाल तर मी पत्रानं कळवते." तिच्या पत्रांचं गावात काय होतं हे मला माहीत होतं. मी गेलो.

सासरे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा काढला, परत लावला. ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "जावईबापू, चाळीस वर्षं पोरांना एक सांगितलं. चुकलं तर खाडाखोड करायची नाही. चुकलेल्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. वाचणाऱ्याला दोन्ही दिसलं पाहिजे."

"म्हणजे?"

"पुढच्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन आहे. पाच मिनिटं बोला."

मी गयावया केली. सासूबाईंनी मध्यस्थी केली. उपयोग झाला नाही. शाल मी परत आणली होती, ती मात्र त्यांनी घेतली नाही. "ती काही शोधाला दिली नव्हती," म्हणाले.

तोच मंडप, तेवढीच माणसं, आणि पुढच्या रांगेत तेच तात्या. मी माइकसमोर उभा राहिलो. पृथ्वीच्या इतिहासाबद्दल या वेळी काही बोललो नाही. नमुना कसा घेतला, तेलाची पाटी कशी लावली, मुलींना दाराबाहेर कसं उभं केलं, टक्कलवाल्या मामांना कसं हाकललं, आणि सगळी भांडी कशावर वाळवली. आठवडाभरात गावात काहीतरी फुटलं असावं; "कशावर" म्हणताच मागून कुणीतरी ओरडलं, "घोंगडीवर?" मी म्हणालो, "घोंगडीवर."

जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. मेंढरं ज्यांच्या घरी होती किंवा कधीकाळी होती, त्यांना पुढचं सांगावं लागलंच नाही. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या. तात्या उठून उभे राहिले. या वेळी मी ताबडतोब म्हणालो, "तात्या, बसून बोला."

ते उभ्यानंच म्हणाले, "म्हंजी समुद्राच्या तळाला मेंढरं आपलीच निघाली की, राव!"

टाळ्या सत्कारापेक्षा जास्त पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तात्यांनी मला बाजूला घेऊन अर्धा तास प्रश्न विचारले. चरबीत पाण्याची खूण राहते ती कशी, विहिरीचं पाणी पिणाऱ्या गाईच्या आणि कॅनॉलचं पिणाऱ्या गाईच्या तुपात फरक निघेल का. मी म्हणालो, निघू शकेल, चाऱ्यावरही अवलंबून आहे. कॉलेजात असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मलाही तो सुचला नव्हता.

मग दुबार पेरणी. मी पुन्हा गाळ मागवला. बायकोनं फ्रिजचा वरचा खण रिकामा केला आणि सरबताचा माठ पुन्हा पुढं ओढला. भट्टी मी स्वतः दुरुस्त केली. दर दहा नमुन्यांमागं एक ब्लँक. पट्ट्यांवर पुस्तकात होते तेवढेच डाग, पुस्तकात होते तिथंच. समुद्रातल्या चरबीत जड हायड्रोजन कमी निघाला, जेवढा कमी असायला हवा तेवढाच. सुरुवातीला त्या शहाण्या आकड्यांचा मला राग यायचा. मग हळूहळू ते बघायला बरं वाटू लागलं.

शेवटच्या वर्षी मार्गदर्शकांनी गाळाबरोबर बर्फात घालून तारली मासे पाठवले. एकाच माशातली दोन प्रकारची चरबी वेगळी करायची होती, एक साधी, आणि दुसरी ज्या जातीत कोलेस्टेरॉल मोडतं ती. मी दोन्ही नेऊन मोजल्या. मासा एक, समुद्र एक, तरी दोन चरब्यांमधला हायड्रोजन सारखा नव्हता. पहिल्यांदा मी ब्लँक बघितला. तो कोरा होता. दुसरा मासा केला, तिसरा केला. तसंच. एकच जीव एका जातीची चरबी बनवताना जड हायड्रोजन जास्त सोडतो, दुसरीच्या वेळी कमी. ते आकडे मी दोनदा पडताळून वहीत उतरवले. बूथवर जायच्या आधी मी आठ दिवस जाऊ दिले आणि चौथा मासाही केला.

फोनवर सगळे आकडे वाचून दाखवले. मार्गदर्शक "हं, हं" करत होते.

"ब्लँक?"

"कोरा आहे सर. चारही वेळा."

"हे लोकांना आधीपासून माहीत आहे," ते म्हणाले. "जुनं आहे." मग ते म्हणाले, "पण बरोबर आहे."

त्यांच्या तोंडून पाच वर्षांत निघालेलं ते सगळ्यात मोठं कौतुक होतं. मी ते खोक्यात उभा राहून मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं आणि बाहेर आलो. कॉलेजात परतलो तर मामा सगळ्या खिडक्या उघडून नाकाला रुमाल लावून उभे होते. गणिताच्या विभागानं माशाच्या वासाबद्दल प्राचार्यांकडं लेखी तक्रार दिली होती आणि उरलेल्या तारल्यांचं काय करायचं, हे मला तासाच्या आत ठरवायचं होतं.